परिचर्या : सेवा, श्रम आणि प्रतिष्ठा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त गोल बाजार, रायपूर येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता. विषय : कॅथलिक सामाजिक विचाराची तत्त्वे आणि परिचारिकेचे कार्य.)



रुग्णालयाच्या कोणत्याही कक्षात गेले की एक हाक हमखास कानी पडते : "सिस्टर!" रायपूरच्या आंबेडकर रुग्णालयात ती ऐकू येते, नागपूरच्या मेडिकलमध्ये ऐकू येते आणि मुंबईच्या केईएममध्येही. डॉक्टरला त्याच्या पदवीने संबोधतात, वकिलाला त्याच्या व्यवसायाने; परिचारिकेला मात्र नात्याने हाक मारली जाते. या संबोधनाचे मूळ युरोपातील धर्मसंघांत आहे. व्रतस्थ भगिनी आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. त्यांचे संबोधन पुढे कक्षप्रमुख परिचारिकेला मिळाले, आणि इंग्रजी अमदानीत भारतात येऊन ते सर्वच परिचारिकांना लागू झाले. धर्मसंघाचा संदर्भ विस्मरणात गेला, नाते तेवढे राहिले.

या हाकेत आदर आहे, तशी एक अडचणही आहे. बहिणीने केलेल्या कामाचा मोबदला कोणी मोजत नाही. 'सेवा' हा शब्द ज्या कामाला चिकटतो, त्या कामाचे वेतन, वेळ आणि सुरक्षितता यांविषयी बोलणे अप्रशस्त वाटू लागते. बारावीनंतर मुलीने नर्सिंगला जाण्याची इच्छा व्यक्त केली की मध्यमवर्गीय मराठी घरात आजही क्षणभर शांतता पसरते. सेवेची थोरवी सर्वांना मान्य असते. ती दुसऱ्याच्या मुलीने करावी, एवढीच अपेक्षा असते. सेवेचा गौरव आणि सेविकेची उपेक्षा ही दोन्ही एकाच समाजात, पुष्कळदा एकाच घरात, सुखाने नांदतात. या विसंगतीचा विचार करताना कॅथलिक सामाजिक विचारातील काही तत्त्वे फार उपयोगी पडतात, हे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

मराठी शाळेच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका सनात सापडते. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. कामगारांच्या स्थितीविषयीचे हे पत्र आधुनिक कॅथलिक सामाजिक विचाराचा आरंभ मानले जाते. त्याच १८९१ मध्ये मुंबईत बाई काशीबाई गणपत नावाची स्त्री परिचारिकेचे शिक्षण घेण्यास दाखल झाली. प्रशिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून भारतीय परिचर्येच्या इतिहासात तिचे नाव नोंदले आहे. रोममधील त्या वृद्ध धर्मगुरूला काशीबाई ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि काशीबाईच्या कानी त्या लॅटिन पत्राचे नावही गेले नसेल. तरीही पोपचा प्रश्न काशीबाईच्या कामाला नेमका लागू पडत होता : जे माणूस स्वतःच्या श्रमावर जगते, त्याचे समाज काय देणे लागतो?

लिओ यांच्यासमोर यंत्रयुगातील युरोप होता. मजुरीचा दर बाजार ठरवील, त्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न नाही, असे एक पक्ष म्हणे. खाजगी मालमत्ताच नाहीशी करावी, असे दुसरा म्हणे. लिओ यांनी दोन्ही भूमिका नाकारल्या. मालमत्तेचा हक्क त्यांनी मान्य केला, कामगारांचा संघटनेचा हक्कही मान्य केला, आणि मजुरीला न्यायाची कसोटी असते, असे स्पष्ट सांगितले. चाळीस वर्षांनी, १९३१ मध्ये, पोप पायस अकरावे यांनी 'क्वाद्राजेसिमो आन्नो' लिहून त्यात पूरकतेच्या तत्त्वाची भर घातली. १९६३ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी 'पाचेम इन तेर्रिस' हे पत्र केवळ कॅथलिकांना उद्देशून न लिहिता सद्भावना असणाऱ्या सर्व माणसांना उद्देशून लिहिले, आणि मानवी हक्कांच्या यादीत वैद्यकीय उपचाराचा समावेश केला. १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'लाबोरेम एक्सेर्चेन्स'मध्ये श्रमाचा विचार पुढे नेला. या परंपरेतून जी तत्त्वे घडत गेली, ती अशी सांगता येतील : मानवी प्रतिष्ठा, सर्वांचे हित, एकजूट, पूरकता, दुर्बलांना अग्रक्रम आणि श्रमाची प्रतिष्ठा. ती श्रद्धेतून उगवली असली, तरी त्यांची पारख करण्यासाठी श्रद्धा सामायिक असावी लागत नाही. रुग्णशय्येजवळ ती खरी ठरतात की नाही, एवढे पाहिले तरी पुरे.

मानवी प्रतिष्ठेचा विचार पहिला. प्रत्येक माणसाचे मोल त्याच्या असण्यात आहे. त्याच्या उपयुक्ततेत, कमाईत किंवा बुद्धीत नाही. हे वाक्य उच्चारायला सोपे आहे. त्याची परीक्षा मुंबईच्या केईएम रुग्णालयाने जवळजवळ ४२ वर्षे दिली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील तरुण परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर रुग्णालयातीलच एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. मेंदूचा प्राणवायू तुटल्याने ती कायमची परावलंबी झाली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचा अंत होईपर्यंत तिची सारी शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. ज्या तिच्याबरोबर काम करीत होत्या त्या निवृत्त झाल्या. ज्यांनी तिला कधी चालता-बोलताना पाहिलेही नव्हते, अशा नव्या मुली आल्या, आणि तिला अन्न भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे हे काम त्यांनी आपल्याकडे घेतले. एवढ्या वर्षांत तिला शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने घेतली.

परिचर्येचे शिक्षण ज्यांनी घेतले आहे, त्यांना या एका गोष्टीचे मोल कळेल. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर काही तासांनी बदलावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते, चादरीची सुरकुतीही काढावी लागते. हे काम एक दिवस करण्यात विशेष काही नाही. कोणी पाहत नसताना, रुग्णाकडून आभाराचा एक शब्द येण्याची शक्यता नसताना, दशकानुदशके ते करीत राहणे म्हणजे मानवी प्रतिष्ठेचे तत्त्व हातांनी लिहिणे होय. ऐंशीच्या दशकात तिची खाट मोकळी करून तिला अन्यत्र हलवण्याचे प्रयत्न महापालिकेकडून झाले, तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि तो विचार सोडून द्यावा लागला. खाटेचा हिशेब चुकीचा होता असे नाही. मुंबईत खाटांची टंचाई खरीच होती. परंतु एखादे माणूस केवळ 'अडवलेली खाट' ठरावे, हे त्या परिचारिकांना मान्य नव्हते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. कॅथलिक विचार जीवन पवित्र मानतो. तथापि मृत्यू समोर दिसत असताना निष्फळ आणि असह्य उपचारांनी तो लांबवत राहिलेच पाहिजे, असे तो म्हणत नाही. अरुणाच्या बाबतीत काय उचित होते, याविषयी सहृदय माणसांत मतभेद होते आणि ते समजण्यासारखे आहेत. तिच्या वतीने दयामरणाची याचिका करणाऱ्या लेखिका पिंकी विराणी यांची कळकळही खोटी नव्हती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. त्याच निकालात, काटेकोर अटींवर आणि उच्च न्यायालयाच्या अनुमतीने, जीवनाधार काढून घेण्याचा मार्ग न्यायालयाने मान्य केला. पण या निकालातील एक मुद्दा आजच्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर न्यायालयाने सांगितले की तो केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे; इतकी वर्षे ज्यांनी तिला सांभाळले, तेच तिचे खरे निकटचे स्नेही होत.

नकळत न्यायालयाने येथे पूरकतेच्या तत्त्वाशी जुळणारा विचार मांडला. पायस अकरावे यांनी १९३१ मध्ये सांगितलेले हे तत्त्व थोडक्यात असे : जे काम लहान मंडळाला स्वतः करता येते, ते मोठ्या मंडळाने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये, आणि जेथे लहान मंडळाचे बळ अपुरे पडते, तेथे मोठ्याने त्याला आधार द्यावा. घराचे काम घराकडे, गावाचे गावाकडे. शासनाने वरून हात द्यावा, गळा धरू नये. या तत्त्वाचे दोन्ही भाग एकत्र वाचायचे असतात. केवळ पहिला भाग वाचला, तर शासनाला अंग काढून घेण्याची सबब मिळते. केवळ दुसरा वाचला, तर सारे निर्णय राजधानीत होऊ लागतात.

आपल्या छत्तीसगढात या तत्त्वाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. येथे २००२ मध्ये मितानिन योजना सुरू झाली. प्रत्येक पाऱ्यातील लोकांनी आपल्यातलीच एक स्त्री निवडायची, शासनाने तिला आरोग्याचे शिक्षण द्यायचे आणि तिने घरोघरी जाऊन ते पोहोचवायचे. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात देशभर 'आशा' कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, तेव्हा मितानिनचा अनुभव मार्गदर्शक ठरला. महाराष्ट्रात याच वाटेवर आधीपासून पावले पडली होती. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील अनेक जणी दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. या कार्यासाठी आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. मोठ्या रुग्णालयाची आवश्यकता यामुळे संपत नाही. जे घराच्या ओट्यावर होऊ शकते, त्यासाठी आईला तान्हे बाळ घेऊन शंभर मैल जावे लागू नये, एवढाच याचा अर्थ.

हेच तत्त्व रुग्णालयाच्या भिंतींच्या आतही लागू पडते. डॉक्टर रुग्णाजवळ काही मिनिटे असतो, परिचारिका पूर्ण पाळीभर. रुग्ण रात्री झोपला का, त्याने अन्न टाकले का, नातेवाईक गेल्यावर तो रडला का, हे तिला ठाऊक असते. तरीही उपचारांची दिशा ठरताना तिचे मत विचारण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी नाही. पूरकतेचे तत्त्व सांगते की जो सर्वांत जवळ आहे, त्याचे ज्ञान सर्वांत आधी विचारात घ्यावे. यात डॉक्टरचा अधिकार कमी होत नाही; त्याचा निर्णय अधिक डोळस होतो.

एकजूट हे तिसरे तत्त्व. जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ मधील 'सोल्लिचितुदो रेई सोचिआलिस' या पत्रात बजावले की दूरच्या माणसाच्या दुःखाने क्षणभर हळवे होणे म्हणजे एकजूट नव्हे. सर्वांच्या हितासाठी चिकाटीने झटण्याचा दृढ निश्चय म्हणजे एकजूट. मराठी माणसाला या तत्त्वाची ओळख करून देण्याची गरज पडू नये. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी पुण्यानजीक आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले, त्यातून त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. देशातील शिक्षिकांची आद्य जननी शेवटी परिचारिका म्हणून गेली, ही गोष्ट शाळेच्या उत्सवात विशेष स्मरणीय आहे.

छत्तीसगढच्या लोकजीवनात या तत्त्वाला स्वतःचे सुंदर रूप आहे. येथे मितान 'बदतात'. भोजली, जवारा, गंगाजल, महाप्रसाद अशा नावांनी दोन माणसे, पुष्कळदा जातीची कुंपणे ओलांडून, जन्मभराचे मैत्र स्वीकारतात. मग एकाच्या घरचे सुखदुःख दुसऱ्याचे होते. आरोग्यसेविकेला 'मितानिन' हे नाव देणाऱ्यांनी फार नेमका शब्द निवडला. 'सिस्टर' हे नाते हाक मारणाऱ्याने एकतर्फी जोडलेले असते. मितानचे नाते दोघांनी मिळून स्वीकारायचे असते, आणि म्हणूनच त्यात दोघांवरही बंधन येते. दल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांनी १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभे केले, तेव्हा त्यांनीही हेच बंधन मानले. रुग्ण आणि रुग्णालयाचा पाया घालणारे हात तेथे एकाच वस्तीतले होते.

सर्वांचे हित या तत्त्वाचा धडा तर शहराच्या मध्यभागीच आहे. दाऊ कल्याण सिंह यांच्या दानातून उभ्या राहिलेल्या डी. के. एस. रुग्णालयाच्या इमारतीत, २००० मध्ये राज्य निर्माण झाल्यावर, मंत्रालय आले. नव्या राज्याला कारभारासाठी जागा हवीच होती. पुढे कारभार नव्या राजधानीत गेला आणि २०१८ मध्ये ती वास्तू पुन्हा रुग्णांसाठी, अतिविशेषोपचार रुग्णालय म्हणून, खुली झाली. राज्य आणि रुग्ण या दोघांच्याही गरजा खऱ्या असतात. सर्वांचे हित म्हणजे बहुसंख्यांची सोय, असा अर्थ केला, तर आजारी माणूस नेहमीच हरेल, कारण कोणत्याही दिवशी निरोगी माणसांची संख्या अधिक असते. यासाठीच दुर्बलांना अग्रक्रम देण्याचे तत्त्व सर्वांच्या हिताला जोडून सांगितले जाते. परिचारिकेला ते निराळे शिकवावे लागत नाही. कक्षात शिरल्यावर ती प्रथम कोणाकडे जाते? ज्याचा श्वास अडतो त्याच्याकडे. ज्याचा आवाज मोठा किंवा ओळख वरची त्याच्याकडे नव्हे. गरजेनुसार क्रम लावण्याची जी शिस्त चांगल्या कक्षात असते, ती समाजात आणावी, एवढेच या तत्त्वाचे मागणे आहे.

आता सर्वांत कठीण तत्त्व : श्रमाची प्रतिष्ठा. ते समजून घेण्यासाठी गोल बाजारासारखी दुसरी जागा नाही. लग्नाच्या साहित्यापासून अखेरच्या विधीच्या सामानापर्यंत येथे सारे मिळते, आणि जवळजवळ सारे घासाघीस करून मिळते. भांड्याचा भाव पटला नाही, तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते; गिऱ्हाइकाचा देकार पटला नाही, तर दुकानदार भांडे परत फळीवर ठेवतो. दोघांनाही 'नाही' म्हणता येते, म्हणून तो सौदा न्याय्य. लिओ तेरावे यांचा युक्तिवाद नेमका येथे सुरू होतो. ज्याच्या घरी चूल पेटायची आहे, त्याला 'नाही' म्हणता येत नाही. भांडे आठ दिवस फळीवर राहू शकते. आजचा श्रम उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. म्हणून गरजेपोटी कामगाराने कमी मजुरी कबूल केली, तरी केवळ त्या कबुलीने ती न्याय्य ठरत नाही. सौद्याच्या वर एक जुना न्याय आहे, आणि श्रमातून साधेपणाने का होईना, पण मानाने जगता आले पाहिजे, हे त्याचे मागणे आहे.

शिक्षणासाठी कर्ज काढून परिचारिका झालेली मुलगी खाजगी रुग्णालयात नोकरी मागायला जाते, तेव्हा तिची अवस्था यापेक्षा निराळी नसते. परिचारिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये या प्रश्नी समिती नेमण्याचे निर्देश दिले. त्यानुसार केंद्र शासनाने नेमलेल्या जगदीश प्रसाद समितीने खाजगी रुग्णालयांसाठी शिफारशी केल्या. २०० पेक्षा अधिक खाटा असतील, तर वेतन राज्य शासनाच्या परिचारिकेइतके असावे. १०० पेक्षा अधिक असतील, तर ते सरकारी वेतनापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे. ५० ते १०० खाटांसाठी ही मर्यादा २५ टक्के. आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. लिओ यांच्या पत्रानंतर सव्वाशे वर्षांनी, निराळ्या भाषेत आणि निराळ्या अधिकाराने, तोच न्याय येथे रुपयांत मांडला गेला.

वेतनाइतकाच संख्येचा प्रश्न आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण कक्षात, शिक्षण-रुग्णालय असेल तर तीन रुग्णांमागे आणि अन्यत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. अतिदक्षता कक्षात एका रुग्णामागे एक. रात्रपाळीत एकटीच्या हाती अख्खा कक्ष सोपवला जातो, तेव्हा हा निकष कागदावर राहतो. मग ज्याची कूस बदलायची राहते, त्याला शय्याव्रण होतो. ज्याचे सलाइन संपल्याचे लक्षात येत नाही, त्याचे नातेवाईक त्याच परिचारिकेवर धावून जातात. रुग्णाची प्रतिष्ठा आणि परिचारिकेची प्रतिष्ठा ही दोन निराळी प्रकरणे नाहीत, हे येथे उघड होते. एकीचे पाऊल चुकले की दुसरी कोसळते. अरुणा शानबागवरील हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला, तेव्हा त्यांनी तिच्यासाठी योग्य वागणूक आणि स्वतःसाठी कामाची सुरक्षित परिस्थिती अशा दोन्ही मागण्या एकत्रच केल्या होत्या.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. वेतन वाढले, तर उपचार महागतील आणि गरीब रुग्ण दारातूनच परतेल. मग सेवाभावी संस्थांनी काय करावे? या आक्षेपाचे उत्तर लूकच्या शुभवर्तमानातील भल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यात आहे. वाटमाऱ्यांनी जखमी करून टाकलेल्या परक्या माणसाला तो शोमरोनी उचलतो, जखमा बांधतो आणि सरायीत नेतो. येथपर्यंतची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. दुसऱ्या दिवशी निघताना तो सरायवाल्याच्या हाती दोन नाणी ठेवतो, याची काळजी घे म्हणतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडण्याचे वचन देतो. करुणा त्याची होती, म्हणून खर्चही त्याने आपला मानला. सरायवाल्याने फुकट राबून पुण्य मिळवावे, असे त्याने सुचवले नाही. परिचारिकेचे अपुरे वेतन म्हणजे तिच्याकडून न विचारता घेतलेली देणगी असते. गरीब रुग्णासाठी देणगी आवश्यकच आहे. ती ज्याच्यापाशी आहे त्याने द्यावी, शासनाने करातून द्यावी, समाजाने वर्गणीतून द्यावी. सर्वांत कमी असणाऱ्या हातातून ती काढून घेणे म्हणजे दान नव्हे.

ही कसोटी चर्चच्या स्वतःच्या संस्थांनाही चुकत नाही, आणि चुकू नये. चर्चचा इतिहासही येथे निर्दोष नाही. व्रतस्थ भगिनींनी प्रसूतीचे काम करू नये, असा निर्बंध कित्येक पिढ्या होता. पडद्यातील भारतीय स्त्रिया पुरुष डॉक्टरला जवळ येऊ देत नसत, आणि ज्या भगिनी त्यांच्याजवळ जाऊ शकत होत्या, त्यांना रोमची मनाई होती. ॲग्नेस मॅक्लारेन या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी ही मनाई उठावी म्हणून रोमकडे वारंवार अर्ज केले. १९१३ मध्ये त्या वारल्या, तोवर यश आले नव्हते. त्यांच्या प्रेरणेने डॉक्टर झालेल्या ॲना डेंगेल यांनी रावळपिंडीत काम केले आणि १९२५ मध्ये वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापन केला. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने हा निर्बंध दूर केला. पुढे १९४३ मध्ये गुंटूर येथे डॉक्टर असलेल्या भगिनी मेरी ग्लॉरी यांनी भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी केली. रुग्णशय्येजवळच्या स्त्रियांनी वरच्या अधिकाऱ्यांना शिकवले, तेव्हा पूरकतेचे तत्त्व चर्चमध्येच खरे ठरले. आजही काही प्रश्नांवर, विशेषतः गर्भपात आणि कुटुंबनियोजन यांविषयी, कॅथलिक भूमिका देशाच्या कायद्याहून निराळी आहे आणि अनेकांना ती मान्य होणार नाही. तो मतभेद लपवण्याचे कारण नाही. न्याय्य वेतन, पुरेसे मनुष्यबळ आणि दुर्बलांचा अग्रक्रम यांवर एकत्र येण्यास मात्र तो आड येत नाही.

मराठी समाजाने या वाटेवर फार पूर्वी पाऊल टाकले आहे. १९०९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, तरुण स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवले. परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावणारी स्त्री हा तेव्हा उच्चवर्णीय समाजात निषेधाचा विषय होता. त्यांतल्या विधवांना तर दुहेरी बोल सहन करावे लागत. 'सेवा' हा शब्द संस्थेच्या नावातच होता. पण त्या शब्दाचा रमाबाईंनी केलेला अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे : शिक्षण, कौशल्य, स्वतःची कमाई आणि त्या कमाईतून येणारा मान. सेवा आणि स्वावलंबन त्यांनी कधी वेगळे केले नाही.

रायपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होते. त्या जुन्या धाग्याने येथील मराठी शाळा पुणे-नागपूरच्या या परंपरेशी बांधल्या गेल्या आहेत. हीरक महोत्सवात शाळा आपल्या गुणवंतांची नावे आठवते. डॉक्टर, अभियंते, अधिकारी यांची नावे त्या यादीत सहज येतात. जी विद्यार्थिनी परिचारिका झाली आणि गेली वीस वर्षे कुठल्याशा जिल्हा रुग्णालयात रात्रपाळी करीत आहे, तिचे नाव यादीत आहे का, हे पदाधिकाऱ्यांनी पाहावे. नसेल तर घालावे.

पालकांना एक विनंती. मुलीने किंवा मुलाने नर्सिंगचे नाव काढले, तर चिंता अवश्य करावी. पण योग्य गोष्टींची करावी. महाविद्यालयाला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, त्याला स्वतःचे रुग्णालय जोडलेले आहे का, प्रत्यक्ष कामाचे शिक्षण कोठे मिळते, पहिल्या नोकरीत वेतन काय, रात्रपाळीनंतर घरी सोडण्याची सोय आहे का, हे विचारावे. 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न मात्र रमाबाई रानड्यांच्या काळातच निकालात निघाला आहे. तो पुन्हा उघडू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांची स्वतःची रुग्णालये आहेत किंवा जे एखाद्या रुग्णालयाचे विश्वस्त आहेत, त्यांनी आपल्या वेतनपत्रकाशेजारी जगदीश प्रसाद समितीच्या शिफारशी ठेवून एकदा वाचाव्यात. आणि ज्यांच्यावर यांपैकी कोणतीच जबाबदारी नाही, त्यांनी पुढच्या वेळी रुग्णालयात गेल्यावर परिचारिकेच्या पोशाखावरील पट्टी वाचावी आणि तिला तिच्या नावाने, 'बाई' किंवा 'ताई' जोडून, हाक मारावी. काशीबाई गणपत यांचे नाव कोणीतरी नोंदवून ठेवले, म्हणूनच आज ते घेता येते.